खुर्चीचा सांधा: खाच आणि कुसू कसे कापावे

लाकडी खुर्ची निकामी होते ती बहुधा सांध्यात. पाय धडधाकट असतात, पट्ट्यांना तडा गेलेला नसतो, तरी खुर्ची आधी कुरकुरते, मग डुगडुगते आणि शेवटी माळ्यावर जाते. कपाट एका जागी उभे राहते. खुर्ची मात्र रोज ओढली जाते, तिच्यावर माणूस धपकन बसतो, मागे रेलतो, कधी तिला मागच्या दोन पायांवर झुलवतोही. हा ताण पेलण्यासाठी खाच आणि कुसू यांच्या सांध्याइतका भरवशाचा सांधा दुसरा नाही. एका लाकडात लांबट चौकोनी खाच कोरायची, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत नेमके बसेल असे कुसू काढायचे आणि दोन्ही एकमेकांत बसवायचे, एवढीच त्याची रचना. जर्मनीत लाइप्झिगजवळ सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या लाकडी चौकटींत हा सांधा आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळयाही याच तत्त्वावर जोडलेल्या दिसतात.

सांधा भार कसा पेलतो

कुसवाच्या दोन रुंद बाजूंना गाल म्हणतात. कुसवाच्या मुळाशी जी सपाट पायरी राहते तो खांदा. या दोघांची कामे वेगळी आहेत. गालांवर लाकडाचे रेषे लांबीने असतात, त्यामुळे सरस तिथेच खऱ्या अर्थाने धरतो. खांद्यावर रेषे तुटलेले असतात. तिथे लावलेला सरस लाकडात शोषला जातो आणि पकड फारशी येत नाही. पण खांदा पायाला पूर्ण टेकलेला असेल तर पट्टी डुलू शकत नाही. म्हणून गाल घट्ट आणि खांदा पूर्ण टेकलेला, ही चांगल्या सांध्याची दोन लक्षणे आहेत. यांपैकी एक जरी चुकले तरी सांधा लवकर ढिला होतो.

खुर्चीतला सर्वांत जास्त ताणाचा सांधा म्हणजे मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी यांचा. माणूस पाठीवर २५ किलो जोराने रेलला आणि तो जोर बैठकीच्या पट्टीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर पडला असे धरू. तेव्हा सांध्यांवर ११२५ किलो-सेंटिमीटरची पिळवण येते आणि दोन बाजूंत ती निम्मी निम्मी वाटली जाते. पट्टी ७ सेंटिमीटर उंच असेल तर या पिळवणीला तोंड द्यायला प्रत्यक्षात साधारण ५ सेंटिमीटरचाच टेकू मिळतो. म्हणजे प्रत्येक सांध्यावर ११० किलोंहून अधिक ओढ पडते. पट्टीची उंची कमी केली की ही ओढ त्या प्रमाणात वाढते. दिसायला नाजूक हवी म्हणून पट्टी बारीक केलेली खुर्ची लवकर खिळखिळी होते त्याचे कारण हेच. पट्टी बारीकच ठेवायची असेल तर पायांच्या खालच्या भागात आडव्या दांड्या घालून तो ताण वाटून द्यावा.

मापे कशी ठरवावीत

कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवावी, हा जुना आणि खात्रीचा नियम आहे. कुसू फार जाड केले तर खाचेच्या भिंती कमकुवत होतात, फार पातळ केले तर कुसूच मोडते. मात्र शेवटचे माप पटाशीवरून ठरते. एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा तिसरा हिस्सा ८ मिलिमीटरच्या थोडा वर येतो. हाताशी तीन सुती पटाशी असेल तर कुसूही तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडीचे करावे. खाच पटाशीच्या रुंदीची आणि कुसू खाचेच्या रुंदीचे, असा क्रम ठेवला की पुढचे काम सोपे होते.

नेहमीच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीसाठी ४० मिलिमीटर चौरस पाय, २५ मिलिमीटर जाड व ७० मिलिमीटर उंच पट्टी आणि २८ मिलिमीटर लांब कुसू ही मापे योग्य ठरतात. पट्टीची पूर्ण ७० मिलिमीटर उंची कुसवाला देऊ नये. वरून १० आणि खालून ५ मिलिमीटर सोडून कुसू ५५ मिलिमीटर उंच ठेवावे. पुढचा पाय बैठकीशीच संपतो. तिथे खाच टोकापर्यंत नेली तर पायाचे टोक फाटते, म्हणून वर किमान १० मिलिमीटर लाकूड शाबूत राहिले पाहिजे. कापणीच्या वेळी पुढचे पाय वरून २० मिलिमीटर जास्तच लांब ठेवावेत आणि सरस वाळल्यावर ते वाढीव तुकडे कापून टाकावेत.

पुढच्या पायात दोन खाचा काटकोनात एकमेकींना भेटतात. पट्टीची बाहेरची बाजू पायाच्या बाहेरच्या बाजूपासून ३ मिलिमीटर आत ठेवली तर खाच पायाच्या बाहेरच्या कडेपासून जवळपास ११ मिलिमीटरवर सुरू होते आणि २०-२१ मिलिमीटरवर संपते. अशा वेळी दोन्ही कुसवांची टोके ४५ अंशांत तिरपी कापावीत. मग बाहेरचा गाल पूर्ण २८ मिलिमीटर लांब राहतो आणि आतला साधारण १८. मागच्या पायात मात्र दोघांना सारखा वाटा देऊ नये. बाजूच्या पट्टीवर रेलण्याचा सगळा जोर येतो, म्हणून तिचे कुसू सरळ आणि पूर्ण लांबीचे ठेवावे. मागच्या आडव्या पट्टीचे कुसू १९ मिलिमीटरवर थांबवावे. अशा पूर्ण कुसवाच्या दोन गालांवर सरसाला जवळपास ३१ चौरस सेंटिमीटर जागा मिळते.

लाकूड आणि हत्यारे

लाकूड पूर्ण वाळलेले, मुरलेले हवे. ओले लाकूड सांधा बसवल्यानंतर आक्रसते आणि आज घट्ट वाटणारे कुसू काही महिन्यांत खुळखुळू लागते. सागवान वाळताना इतर लाकडांच्या मानाने कमी आक्रसते आणि पटाशीला गुणी आहे, म्हणून शिकणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करणे चांगले. शिसव जड, चिवट आणि फार मजबूत असते, पण त्याच्यात खाच कोरायला धार आणि धीर दोन्ही जास्त लागतात. पायांसाठी सरळ रेषांचा, गाठ नसलेला तुकडा निवडावा. सांध्याच्या जागी गाठ आली तर ते लाकूड दुसऱ्या कामासाठी बाजूला ठेवावे.

हत्यारे थोडी पण चांगली हवीत. अरुंद आणि जाड पात्याची पटाशी, म्हणजे किंकरे, खाचेसाठी लागते. पातळ पात्याची रुंद पटाशी गाल आणि खांदे साफ करायला लागते. मोगरी, गुण्या, तिरपा कोन धरणारा सरकता गुण्या, पाठीला धातूची पट्टी असलेली बारीक दातांची करवत, धारदार चाकू आणि दोन काट्यांचा मार्किंग गेज एवढ्यात काम भागते. पटाशीची धार कामाला बसण्यापूर्वी लावावी आणि कामाच्या मध्येही लावत राहावी. बोथट पटाशी रेषे कापत नाही, चिरडते. शिवाय तिला जास्त जोर लावावा लागतो आणि ती निसटली की हाताला इजा होते. लाकूड शेगड्यात किंवा क्लॅम्पने पक्के धरावे आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवावेत.

आखणी

सांध्याची अचूकता आखणीतच ठरते. रंधा मारून झाला की प्रत्येक तुकड्याची एक चांगली बाजू आणि तिला काटकोनात असलेली एक चांगली कड निवडून त्यांवर खूण करावी. गुण्या आणि गेज फक्त या दोन बाजूंनाच टेकवावेत. मग लाकडाच्या जाडीत थोडा फरक असला तरी सगळे सांधे एका पातळीत येतात.

चारही पाय जवळ लावून क्लॅम्पने बांधावेत आणि खाचांची वरची व खालची रेघ सर्वांवर एकदमच ओढावी. वेगवेगळी मोजमापे घेतली की चुका शिरतात. नंतर गेजचे दोन काटे किंकऱ्याच्या पात्याच्या रुंदीवर लावावेत आणि तीच मांडणी न हलवता पायांवर खाचांच्या आणि पट्ट्यांवर कुसवांच्या रेघा मारून घ्याव्यात. पट्टी पायाच्या ३ मिलिमीटर आत बसणार असेल तर पायांसाठी गेजचा टेकू तेवढाच सरकवावा. काट्यांतले अंतर बदलू नये. खांद्याची रेघ पेन्सिलीने न मारता चाकूने कोरावी. चाकूची रेघ वरचे रेषे आधीच तोडते, त्यामुळे करवतीने खांद्याची कड फुटत नाही. जो भाग काढून टाकायचा त्यावर पेन्सिलीने फुली मारावी. डाव्या आणि उजव्या पट्ट्या एकमेकींचे प्रतिबिंब असतात, म्हणून त्यांवर डावी व उजवी असे स्पष्ट लिहावे.

पाय वळणदार किंवा खाली निमुळते करायचे असतील तर तो आकार खाचा कोरून झाल्यावरच द्यावा. लाकूड चौरस असताना ते नीट धरता येते आणि गुण्याही नीट टेकतो. मागच्या पायाला पाठीसाठी वाक असतो. तरी जिथे बैठकीच्या पट्ट्या जोडल्या जातात तेवढा भाग सपाट आणि सरळ ठेवावा.

खाच कोरणे

खाच नेहमी कुसवाच्या आधी कोरावी. कुसू सालीसालीने बारीक करता येते, पण मोठी झालेली खाच लहान करता येत नाही.

पाय बाकावर, शक्यतो बाकाच्या पायाच्या बरोबर वर, पक्का बांधावा. म्हणजे मोगरीचा घाव वाया जात नाही. कारागिराने लाकडाच्या टोकाशी उभे राहावे. तिथून पटाशी डावी-उजवीकडे कलली तर लगेच दिसते. खाचेच्या जवळच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत पटाशी उभी धरून हलका घाव घालावा, मग तीन-तीन मिलिमीटर पुढे सरकत घाव घालत जावे. पटाशीची तिरपी बाजू पुढच्या दिशेला ठेवली की प्रत्येक घावाला काप सुटतो. दुसऱ्या टोकाशीही दोन मिलिमीटर लाकूड राखावे, कारण कपचे उचलताना पटाशी त्या कडेवर टेकवावी लागते आणि कड थोडी दबते. फेरी पूर्ण झाली की कपचे काढून पुन्हा त्याच पद्धतीने खोलवर जावे. शेवटी राखलेले दोन मिलिमीटर पटाशीची सपाट बाजू बाहेर करून सरळ रेघेवर उभे कापावेत.

२८ मिलिमीटरच्या कुसवासाठी खाच दीड मिलिमीटर जास्त खोल ठेवावी. तळाशी थोडा सरस साचतो आणि कुसू तळाला टेकले तर खांदा बसत नाही. पटाशीच्या पात्यावर चिकटपट्टी लावली की खोलीची खूण हाताशी राहते. खाचेच्या लांब भिंती पटाशीने खरवडून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. त्यात खाच रुंद होते आणि मधोमध फुगते. पटाशीच्याच रुंदीने निघालेल्या भिंती पुरेशा सपाट असतात.

आधी ड्रिलने ओळीने भोके पाडून मग पटाशीने खाच चौकोनी करता येते. शिसवासारख्या कठीण लाकडात ही पद्धत सोयीची पडते. त्यासाठी ड्रिलचे पाते खाचेच्या रुंदीपेक्षा थोडे बारीक घ्यावे आणि ड्रिल काटकोनात धरावे. राउटरने केलेल्या खाचेची टोके गोल येतात. ती पटाशीने चौकोनी करावीत किंवा कुसवाच्या कडा कानशीने गोल कराव्यात.

कुसू कापणे

पट्टी शेगड्यात तिरकी धरून गालाची रेघ करवतीने कापायला सुरुवात करावी, म्हणजे वरची आणि समोरची अशा दोन्ही रेघा एकदम नजरेत राहतात. एका बाजूने तिरपा काप खांद्याच्या रेघेपर्यंत गेला की पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूने तसेच करावे आणि शेवटी पट्टी उभी धरून उरलेला भाग कापावा. करवत नेहमी फुली मारलेल्या बाजूला चालली पाहिजे आणि रेघ अर्धी तरी शिल्लक राहिली पाहिजे.

खांदा कापण्यापूर्वी चाकूच्या रेघेच्या टाकाऊ बाजूने पटाशीने एक बारीक तिरपा चर काढावा. करवत त्या चरात टेकते आणि रेघेवरून घसरत नाही. खांदा कापताना करवत कुसवात शिरू देऊ नये, कारण मुळाशी पडलेला एक मिलिमीटरचा कापही कुसू कमकुवत करतो. नंतर रुंद पटाशीने खांद्याचा कुसवाजवळचा आतला भाग केसभर खोल करावा, म्हणजे बाहेरची कड पायाला आधी टेकते आणि फट दिसत नाही. वरच्या १० मिलिमीटरच्या पायरीतून ८ मिलिमीटर लांबीचा आखूड भाग तसाच राखून खाचेच्या वरच्या टोकाशी तेवढाच उथळ चर काढला तर पट्टीची वरची कड पिळत नाही.

बसवणी

कुसू खाचेत हाताच्या जोराने अर्धे शिरावे आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसावे. सहज आत-बाहेर होणारे कुसू सैल समजावे. हातोड्याचे जड घाव लागत असतील तर पाय फाटण्याचा धोका असतो. घट्ट वाटल्यास कुसू बाहेर काढून गालांवर चकाकलेल्या जागा पाहाव्यात. घर्षण तिथेच होते. तेवढ्याच जागेवरून पटाशीने पातळ साल काढावी आणि पुन्हा बसवून पाहावे. दोन्ही गालांवरून सारखेच लाकूड जाते ना, हे गेजने तपासत राहावे.

हा घट्टपणा फक्त जाडीत हवा. उंचीत कुसवाला अर्ध्या मिलिमीटरची सूट द्यावी. लाकूड हवेतल्या दमटपणाने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. पावसाळ्यात लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ५५ मिलिमीटर उंचीचे सागवानी कुसू साधारण अर्धा मिलिमीटर वाढते. त्याला जागा नसेल तर पायाचे लाकूड खाचेच्या टोकांशी फाटते. कोकणात, जिथे हवा महिनोन्महिने दमट असते, तिथे ही सूट विसरू नये.

तिरपे सांधे

बहुतेक खुर्च्यांची बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, म्हणून बाजूच्या पट्ट्या पायांशी काटकोनात येत नाहीत. पुढची रुंदी ४५० आणि मागची ३९० मिलिमीटर असेल आणि पुढच्या व मागच्या पायांतले अंतर ४१० मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूची पट्टी सुमारे ४ अंशांनी कलते. हा कोन हिशेबाने काढत बसण्यापेक्षा प्लायवुडच्या तुकड्यावर बैठकीचा पूर्ण मापाचा नकाशा काढावा आणि सरकता गुण्या त्या रेघांवर लावून घ्यावा.

एवढ्या लहान कोनासाठी खाच पायात सरळच कोरावी आणि कुसू पट्टीच्या तुलनेत तिरपे काढावे. ४ अंशांत २८ मिलिमीटर लांबीचे कुसू टोकाशी फक्त २ मिलिमीटर सरकते, त्यामुळे त्याचे बहुतेक रेषे अखंड राहतात. कोन ८ ते १० अंशांहून जास्त असेल तर रेषे तुटून कुसू मोडू शकते. तिथे कुसू सरळ ठेवून खाचच तिरपी कोरावी आणि पटाशीला दिशा देण्यासाठी त्या कोनात कापलेला लाकडी ठोकळा शेजारी बांधावा. दोन्ही पद्धतींत खांदे तिरपेच कापावे लागतात.

जोडणी

सरस लावण्यापूर्वी सगळी खुर्ची कोरडी जोडून पाहावी. सपाट जागेवर ठेवून चारही पाय टेकतात का आणि बैठकीच्या चौकटीचे दोन कर्ण सारखे येतात का, हे तपासावे. मग आधी पुढचे दोन पाय व त्यांतली पट्टी आणि मागचे दोन पाय व त्यांतल्या पट्ट्या अशा दोन चौकटी चिकटवाव्यात. त्या वाळल्यावर बाजूच्या पट्ट्यांनी दोन्ही जोडाव्यात. सगळे सांधे एकदम हाताळण्याची घाई त्यामुळे टळते.

सरस खाचेच्या भिंतींवर आणि गालांवर पातळ पण सर्वत्र लावावा. सागवानात नैसर्गिक तेल असते. म्हणून गाल कापल्यापासून फार दिवस न जाऊ देता, शक्यतो त्याच दिवशी चिकटवावेत. पांढरा सरस तासाभरात धरतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्यावेत. क्लॅम्पचा दाब बरोबर पट्टीच्या रेषेत असावा. लांब क्लॅम्प नसतील तर दोरीचा वेढा घालून काठीने पीळ देण्याची जुनी रीत उत्तम चालते. फक्त दोरीखाली लाकडी पट्ट्या ठेवाव्यात.

जिथे ताण जास्त तिथे खुंटी मारावी. पायाच्या कडेपासून १० मिलिमीटर आत ६ मिलिमीटरचे भोक पाडावे, कुसू बसवून त्यावर भोकाची खूण करावी, कुसू काढावे आणि त्यातले भोक त्या खुणेपासून एक मिलिमीटर खांद्याच्या बाजूला पाडावे. निमुळत्या टोकाची बांबूची किंवा सरळ रेषांच्या लाकडाची खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते आणि खांदा पायावर आवळून बसतो. शेवटी बैठकीच्या चारही आतल्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे स्क्रूने बसवावेत.

दोष आणि त्यांवरचे उपाय

खांद्याशी फट राहत असेल तर आधी खाचेच्या तळाशी कपचे अडकले आहेत का ते पाहावे, मग कुसवाची लांबी आणि खांद्याचा आतला कोपरा तपासावा. पट्टी पायाशी पिळलेली दिसत असेल तर खाच तिरपी गेली आहे असे समजावे. त्या वेळी कुसवाचा एक गाल पातळ करून दुसऱ्या गालावर त्याच लाकडाची पातळ पट्टी रेषांच्या दिशेने चिकटवावी आणि कुसू नव्याने बसवावे. सैल कुसवालाही हाच उपाय आहे. फटीत सरस आणि भुसा भरून वेळ मारून नेऊ नये. पांढरा सरस जाड थरात कमकुवत राहतो आणि असा सांधा पहिल्याच उन्हाळ्यात उकलतो.

नवशिक्याने थेट खुर्चीला हात न घालता आधी टाकाऊ तुकड्यांवर काही सांधे कापावेत आणि ते मधोमध उभे चिरून आत पाहावे. गाल कुठे टेकले, कुठे सुटले हे त्यात स्पष्ट दिसते. आखणी नेमकी, पटाशी धारदार आणि खाच आधी ही शिस्त पाळली तर हाताने कापलेल्या सांध्यांची खुर्ची दोन पिढ्या सहज टिकते आणि दुरुस्तीची वेळ आली तरी तिचे लाकूड पुन्हा वापरता येते.